धरायचं आणि मागे ओढायचं

विणकर मुंगीबद्दल कुठंही वाचा, सुरुवात तिच्या घरट्यापासूनच होते. पानं शिवून केलेला तो हिरवा गोळा, पांढरं रेशीम, फोटो, वा वा काय इंजिनियर आहेत. मला पण घरटं आवडतं, नाही असं नाही, पण बरीच वर्षं ह्या बाईंच्या मागे लागल्यावर माझं मत असं झालंय की ही मुळात शिकारी आहे आणि घरटं हा तिच्या शिकारीच्या सवयीचाच एक भाग आहे. हिला एकच गोष्ट येते. काहीतरी जबड्यात पकडायचं, पाय रोवायचे आणि मागे ओढायचं, सोडायचं नाही. पान असेल तर घर बनतं, किडा असेल तर जेवण होतं आणि दुसऱ्या वारुळाची मुंगी असेल तर युद्ध होतं. (वारुळ म्हणायचं का नाही ते सोडा, झाडावर राहतात त्या, पण वसाहत वसाहत म्हणून कंटाळा येतो.)

तर आधी ओळख. ईकोफिला हा ह्यांचा वंश, आणि त्यात आज जिवंत अशा दोनच जाती आहेत. एक आफ्रिकेत, लाँजिनोडा नावाची, आणि दुसरी स्मॅरेग्डिना, ती भारतापासून आग्नेय आशिया करत थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत. स्मॅरेग्डिनाला हे नाव फॅब्रिशियस ह्या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने 1775 मध्ये दिलं. आशियातल्या मुंग्या तांबूस-नारिंगी असतात पण ऑस्ट्रेलियातल्यांचं पोट मस्त हिरवं असतं, तिथं त्यांना सरळ हिरव्या मुंग्याच म्हणतात. अंगाने सडपातळ, पाय लांब, डोळे मोठे, मान ताठ करून बघतात अगदी. जवळ गेलात तर पळत नाहीत, उलट वळून जबडा उघडून उभ्या राहतात, पोट वर करून. हा ॲटिट्यूड दुसऱ्या कुठल्या मुंगीत मी बघितलेला नाही.

कामकरी मुंग्यांचे सरळ सरळ दोन साइझ असतात. मोठ्या साधारण 8 ते 10 मिलीमीटर आणि छोट्या त्यांच्या जेमतेम निम्म्या, मधल्या मापाच्या फारच कमी. मोठ्या बाहेरचं सगळं बघतात, म्हणजे शिकार, पहारा, बांधकाम, मारामारी. छोट्या बहुतेक घरातच, अंडी आणि बारक्या अळ्या सांभाळत बसतात, फार तर घराच्या आसपास गोड रस देणाऱ्या किड्यांची देखभाल करतात. आणि ही विभागणी किती जुनी आहे माहितीये? केनियात व्हिक्टोरिया सरोवरातल्या म्फांगानो बेटावर ह्या वंशातल्या मुंग्यांची एक अख्खी वसाहत जीवाश्म झालेली सापडली, मायोसीन काळातली, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची, त्यात पानांचे तुकडे, अळ्या, प्यूपा (अळीनंतरचा टप्पा) सगळं होतं, आणि 1964 मध्ये विल्सन आणि टेलर ह्यांनी त्या मुंग्या मोजल्या तेव्हा तेच निघालं, मोठ्या आणि छोट्या असे दोन वेगळे गट. तेव्हापासून हीच पद्धत चालू आहे म्हणजे.

आता शिकार. मोठी कामकरी फांदीवर फिरत असते, दिवसा जास्त, कारण नजर चांगली आहे. समोर किडा हलला की झडप घालून जे हाताला लागेल ते, म्हणजे बहुतेक वेळा पाय किंवा मिशी, जबड्यात धरते आणि तिथंच ठाण मांडते. मारायचा प्रयत्नच करत नाही! बस धरून ठेवते. पायाच्या टोकाला नख्या असतात आणि नख्यांच्या मध्ये एक चिकट गादी, ती पानाला घट्ट बसते. केंब्रिजमधल्या थॉमस एंडलाइनने काढलेला एक फोटो 2010 मध्ये फार गाजला होता, त्यात काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागाला उलटी लटकलेली एक विणकर मुंगी स्वतःच्या वजनाच्या शंभरपट वजन जबड्यात धरून होती. त्यामुळे किडा कितीही तडफडला तरी ती हलत नाही. त्यात जबड्याजवळच्या ग्रंथीतून वास सुटतो आणि आसपासच्या बाकीच्या धावत येतात. दुसरी येऊन दुसरा पाय धरते, तिसरी पंख, चौथी मिशी, आणि सगळ्या आपापल्या दिशेने मागे ओढतात. काही मिनिटांत तो किडा चारी बाजूंनी ताणलेला, हातपाय फाकलेले, हलता येत नाही अशा अवस्थेत. बहुतेक वेळा तो ह्या ओढाताणीनेच मरतो. नांगी तर ह्या मुंग्यांना नाहीच, आणि पोटातलं ॲसिड त्या शिकारीवर फारसं खर्च करत नाहीत, ते शत्रूंसाठी आणि आपल्यासारख्यांसाठी राखून ठेवलेलं असतं.

बघायला हे भयंकर आहे हे मान्य. पण मला त्यातली काटकसर आवडते. विष बनवायला खर्च येतो, मोठा जबडा वाढवायला खर्च येतो, आणि इथं काय, नुसती चिकाटी आणि शेजारणींवरचा भरवसा. पहिली मुंगी एकटी त्या भुंग्याला कधीच मारू शकणार नाही. तिचं काम फक्त इतकंच की बाकीच्या येईपर्यंत सोडायचं नाही.

शिकार मेली की तुकडे करत नाहीत, अख्खीच्या अख्खी उचलून घरट्यात नेतात, ते पण बुंध्यावरून सरळ उभ्या चढाने. सुरवंट, भुंगे, मधमाश्या, नाकतोडे, दुसऱ्या जातीच्या मुंग्या, काहीही चालतं. मेलेलं बारकं पाखरू सुद्धा झाडावर चढवताना आफ्रिकेतल्या मुंग्यांची नोंद आहे. विचार करा, खाली गुरुत्वाकर्षण ओढतंय, वर ह्या ओढतायत, आणि मध्ये तो पिसांचा गोळा इंच इंच सरकतोय.

आता तोच खेळ पानांवर. घर बांधायचं ठरलं की मुंग्या वेगवेगळ्या पानांच्या कडा ओढून बघतात. जिथं पान थोडं वाकलं तिथं बाकीच्या गोळा होतात, जिथं वाकलं नाही तिथून निघून जातात. म्हणजे नकाशा काढणारी, हुकूम देणारी कुणी नाही, जे काम जमतंय असं दिसतं तिकडे गर्दी वाढते. दोन पानांमध्ये अंतर जास्त असेल, एका मुंगीचं अंग पुरत नसेल, तर एक दुसरीची कंबर जबड्यात धरते, दुसरीची कंबर तिसरी, अशी साखळी होते, आणि मग अशा साखळ्या शेजारी शेजारी लागतात आणि सगळ्या मिळून मागे सरकतात. तासन्तास चालतं हे. एखाद्या साखळीतली मधलीच निसटली तर सगळं मोडतं आणि परत सुरू, वैताग वगैरे काही नाही.

ह्या साखळ्यांवर 2025 मध्ये एक फार भारी अभ्यास आला, ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठातल्या लोकांचा. त्यांनी मुंग्यांना कागदाचं खोटं पान दिलं, ते ताकद मोजायच्या यंत्राला जोडलं, आणि मुंग्या ओढायला लागल्या की आकडे घ्यायचे. माणसांच्या बाबतीत काय होतं ते 1913 मध्येच रिंगेलमन नावाच्या फ्रेंच इंजिनियरने सांगून ठेवलंय, दोरी ओढायला माणसं वाढवत गेलात की प्रत्येक माणूस आधीपेक्षा कमी जोर लावतो. (ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या कुणालाही हे सिद्ध करून दाखवायची गरज नाही.) मुंग्यांमध्ये उलटं निघालं. टीम मोठी झाली तशी प्रत्येक मुंगीच्या वाट्याची ओढ वाढत गेली, जवळजवळ दुप्पट! त्यांचं म्हणणं असं की साखळीत काम वाटलेलं असतं, पुढच्या मुंग्या जोर लावून ओढतात आणि मागच्या अंग लांब ताणून, पाय रोवून नुसत्या अडून राहतात, त्यामुळे पुढचीने मिळवलेली ओढ वाया जात नाही, परत सैल पडत नाही, थोडी थोडी साठत जाते. म्हणजे परत तेच. अर्ध्या मुंग्यांचं काम फक्त न सोडणं.

पानं जुळली. आता शिवायचं कशाने? इथं बऱ्याच लोकांना वाटतं की मुंगीच्या तोंडातून धागा निघतो. नाही निघत. पूर्ण वाढलेल्या मुंगीकडे रेशीम नसतंच. रेशीम असतं अळ्यांकडे, शेवटच्या टप्प्यातल्या, प्यूपा व्हायच्या बेतात असलेल्या. एक गट पानांच्या कडा दाबून धरून ठेवतो आणि दुसऱ्या गटातली प्रत्येकजण घरातून एक अळी जबड्यात घेऊन येते. अळीचं डोकं एका पानाच्या कडेला टेकवायचं, मिशांनी हलकेच थोपटायचं, अळी धाग्याचा थेंब सोडते, तो पानाला चिकटतो, मग तिला उचलून समोरच्या पानाच्या कडेवर, परत थोपटायचं, परत इकडे. हातमागावरच्या धोट्यासारखी ती अळी इकडून तिकडे फिरत राहते आणि अंग ताठ धरून ठेवते, वळवळत नाही. हळूहळू शिवण पांढरी होत जाते, मग दाट, मग मोठ्या फटी असतील तर नुसत्या रेशमाचा पडदाच.

हे माणसाच्या लक्षात यायला पण वेळ लागला. कॅप्टन कुकच्या एन्डेव्हर जहाजावरचा जोसेफ बँक्स 1770 मध्ये ऑस्ट्रेलियात उतरला तेव्हा त्याने ह्या हिरव्या मुंग्यांना पानं वाकवून धरताना बघितलं होतं आणि त्या कशाने तरी चिकटवतात इथपर्यंत तो पोचला होता. पण तो चिकटपणा येतो अळीतून, हे समजायला एकोणिसाव्या शतकाचं शेवटचं दशक उजाडावं लागलं.

आणि ह्यात एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात जास्त चटका लावून जाते. मुंग्यांच्या बऱ्याच जातींमध्ये अळी ते रेशीम स्वतःसाठी वापरते, स्वतःभोवती कोष विणून आत सुरक्षित झोपते. विणकर मुंगीच्या अळीचं सगळं रेशीम घराला लागतं. त्यामुळे तिला स्वतःचा कोष नाही, ती उघडीच पडून मोठी होते. तिचा कोष म्हणजे ते पानांचं घर, सगळ्यांचं मिळून एक. बालमजुरी म्हणा, सामायिक गुंतवणूक म्हणा, तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

पानं शेवटी वाळतात, घर ठिसूळ होतं, मग नवीन बांधायचं. त्यामुळे बांधकाम कधी थांबतच नाही. मोठ्या वसाहतीची शंभराच्या वर घरटी असतात, डझनभर किंवा त्याहून जास्त झाडांवर पसरलेली, आणि कामकरी मुंग्या पाच लाखांपर्यंत. आफ्रिकन जातीची एक वसाहत तर 17 झाडांवर मोजली गेलीये. राणी बहुतेक एकच, ह्यातल्या कुठल्यातरी एका घरट्यात, अंगाने कामकरी मुंगीच्या दुप्पट-अडीचपट, रोज शेकड्यांनी अंडी घालणारी. तिला खायला घालायला कामकरी मुंग्या स्वतः एक वेगळ्या प्रकारची अंडी घालतात ज्यातून काही जन्मत नाही, ती फक्त राणीच्या पोटात जायला असतात. राणीची अंडी मात्र तिथून बाकीच्या सगळ्या घरट्यांत वाटली जातात, मुंग्यांच्या जबड्यातून, झाडावरून झाडावर.

एवढा मोठा मुलूख राखायचा तर सीमा पाहिजे. ह्या मुंग्या आपल्या हद्दीत जागोजागी विष्ठेचे बारीक थेंब टाकून ठेवतात आणि त्या थेंबांना त्या वसाहतीचा वास असतो. हॉल्डोब्लर आणि विल्सन ह्या शास्त्रज्ञांच्या जोडीने 1977 मध्ये आफ्रिकन जातीवर प्रयोग करून दाखवलं की आपल्या वासाने माखलेल्या जागेवर लढाई झाली तर त्या वसाहतीला सुरुवातीलाच वरचढ हात मिळतो. अजून एक, सीमेवरच्या झाडांवर खास चौकीची घरटी असतात आणि त्यात राहतात कोण तर वयस्कर कामकरी. तरुण मुंग्या आत बाळं सांभाळतात, म्हाताऱ्या लढाईवर. हिशेब बरोबर आहे, जिचं आयुष्य तसंही संपत आलंय तिने जावं. माणसांनी हा हिशेब नेमका उलटा का ठेवला काय माहीत.

शेजाऱ्यांशी वागणं पण गंमतशीर आहे. पुष्कळ प्राणी रोजच्या शेजाऱ्याला सहन करतात आणि परक्यावर तुटून पडतात. स्मॅरेग्डिनावर ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात दिसलं की ह्यांचा राग शेजारच्या वसाहतीवरच जास्त, लांबून आणलेल्या परक्या मुंगीवर कमी. लांबची येऊन येऊन काय नेणार, खरा धोका पलीकडच्या फांदीचाच.

धोक्याचा संदेश कसा जातो हे पण थोडक्यात सांगतो, कारण त्यात डोकं आहे. मुंगी बिथरली की जबड्याच्या ग्रंथीतून एकाच वेळी तीन-चार रसायनं सुटतात, पण ती वेगवेगळ्या वेगाने पसरतात. हेक्झानल सगळ्यात पुढे धावतं, ते ज्यांना पोचतं त्या सावध होतात. मागून हेक्झानॉल, त्याने त्या उगमाकडे ओढल्या जातात. आणि जड रसायनं जागच्या जागीच रेंगाळतात, तिथं पोचलेली मुंगी सरळ चावायला लागते. म्हणजे एका फवाऱ्यात "ऐका", "इकडे या" आणि "ह्याला चावा" हे तिन्ही निरोप, अंतराप्रमाणे आपोआप वेगळे झालेले. आपल्याला चावतात तेव्हा पण जबडा रुतवतात, मग पोट पुढे वाकवून त्याच जखमेवर फॉर्मिक ॲसिड सोडतात. त्यामुळे एक चावली की लगेच दहा चावतात हा योगायोग नसतो.

नुसत्या मांसावर एवढी मोठी फौज चालत नाही, साखर लागते. ती येते मावा, खवले किडी, पिठ्या ढेकूण अशा रस शोषणाऱ्या किड्यांच्या गोड चिकट्यातून. त्यांना मुंग्या खात नाहीत, राखण करतात, कधी कधी त्यांच्याभोवती रेशमाचा आडोसा पण बांधतात. म्हणून बागायतदारांचं ह्या मुंगीबद्दल एकमत कधीच होणार नाही. दक्षिण चीनमधल्या झाडांवरच्या एका जुन्या ग्रंथात, जो इसवी सन 304 चा मानतात, संत्र्याच्या बागेत ह्या मुंग्या सोडायचा उल्लेख आहे, म्हणजे कीड मारायला मुद्दाम कीटक वापरायचं हे बहुतेक सगळ्यात जुनं उदाहरण. नंतर तिथं एका झाडावरून दुसऱ्यावर जायला बांबूचे पूल पण बांधून द्यायचे. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात आंब्यावर झालेल्या कामात दिसलं की ह्या मुंग्या असलेल्या झाडावर फळमाशी कमी त्रास देते, आणि त्यात मुंगीने माशी पकडणं हा छोटा भाग, मुंग्या फिरून गेलेल्या फळावर माशी अंडी घालायलाच टाळते. दुसऱ्या बाजूला पिठ्या ढेकूण वाढतो आणि फळं काढणाऱ्याचे हाल होतात. परागीभवनाचं काय, फुलावरच्या माश्यांना पळवत असतील ना? पळवतात, पण मेलास्टोमा नावाच्या झुडपावर असं सापडलं की बारक्या, फार उपयोग नसलेल्या माश्या पळतात आणि मोठ्या सुतार माश्यांना फरक पडत नाही, त्यामुळे फळधारणा उलट सुधारते. सरसकट नियम नाही, पण एवढं तरी कळतं की शिकारी आला म्हणजे झाडाचं नुकसानच असं काही नसतं.

शेवटी त्यांच्याबद्दल, जे ह्या सगळ्या बंदोबस्तातून आत शिरतात. कारण इतकी कडक पहाऱ्याची जागा म्हटल्यावर तिथं चोर पण तेवढेच पोचलेले. एक उडी मारणारा कोळी, प्लाटालिऑइडस, हुबेहूब ह्या मुंगीसारखा दिसतो, पुढचे पाय मिशांसारखे हलवत चालतो, आणि त्याच्या नराचे जबडे इतके लांब असतात की एक मुंगी दुसरीला उचलून चाललीये असं वाटतं. त्याला मुंग्या नको असतात, फक्त त्यांची दहशत उसनी हवी असते. दुसरा एक, कॉस्मोफॅसिस, दिसायला मुंगीसारखा फारसा नाहीच, पण तो मुंग्यांच्या अळ्या खातो आणि त्यातूनच वसाहतीचा वास त्याच्या अंगाला येतो. छोट्या कामकऱ्यांच्या जबड्यातून अळी काढून घेतो आणि त्यांना पत्ता लागत नाही.

पण माझा सगळ्यात लाडका लिफायरा ब्रासोलिस. हे फुलपाखरू आहे! त्याची अळी ह्या मुंग्यांच्या घरट्यातच राहते आणि त्यांची बाळं खाते. दिसते चपटी, लंबगोल, कडक चामड्याच्या ढालीसारखी, पाय-डोकं सगळं कडेखाली झाकलेलं. आता विचार करा, ज्या मुंगीचं अख्खं आयुष्य एखादा पाय, एखादी मिशी पकडण्यावर चालतं तिला पकडायला काहीच नाही. जबडा घसरतो, कडेखाली शिरायला फट नाही, शंभरजणी जमल्या तरी ओढायचं काय? कोषात जाताना पण ती हे चिलखत टाकत नाही, त्याच्याच आत कोष करते. खरी अडचण येते फुलपाखरू बाहेर पडताना, तेव्हा पंख ओले, अंग मऊ, चारी बाजूला मुंग्या. तर त्याच्या अंगावर सैल पांढऱ्या खवल्यांचा थर असतो. मुंगी पाय धरायला जाते आणि तिच्या जबड्यात, मिशांवर, पायांना ते खवले चिकटतात, ती ते झटकत बसते, आणि तोपर्यंत हा चालत घरट्याबाहेर पडतो, पंख सुकवतो आणि जातो उडून.

हे सगळं बघायचं असेल तर जुन्या तपकिरी घरट्यापाशी वेळ घालवू नका, अर्धवट बांधलेलं, कडा अजून उघड्या असलेलं शोधा, साखळ्या तिथंच दिसतात. फांदीच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही, फांदीला धक्का तर अजिबात नाही, आणि शर्टाची कॉलर बंद ठेवा. चावलीच तर चिमटीत धरून सावकाश काढा, झटकून उपयोग नाही, ती सोडत नसते.